बॅटरीचं माउंट वाकलंय: वेल्डिंग करायचं की अख्खा पॅक बदलायचा?

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीजवळच्या एका गावातल्या गृहस्थांची तीन वर्षं जुनी इलेक्ट्रिक कार आहे. गोव्याहून चोर्ला घाटानं परत येताना कणकुंबीच्या पुढं त्यांनी समोरच्या ट्रकला वाट देण्यासाठी गाडी रस्त्याखाली घेतली आणि डाव्या बाजूचा तळ जांभ्या दगडावर आपटला. डॅशबोर्डवर धोक्याचा दिवा लागला नाही, गाडी घरापर्यंत आली. पण तेव्हापासून हंपवरून जाताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो. गावातल्या गॅरेजवाल्यानं रॅम्पवर चढवून बघितलं आणि सांगितलं, बॅटरीचा एक बोल्ट ढिला आहे, त्याच्याजवळचा कान (बोल्ट घालायला भोक असलेली, बाहेर आलेली पट्टी) वाकलाय, ठोकून सरळ करतो आणि वेल्डिंगचा टाका मारतो, संध्याकाळी गाडी घेऊन जावा. सर्व्हिस सेंटर म्हणतं, अख्खा पॅक, म्हणजे पूर्ण बॅटरीच बदलावी लागेल. आकडा काही लाखांचा. आता ऐकायचं कुणाचं, गणपतीला सावंतवाडीला जायचंय तोवर गाडी वापरली तर चालेल का, आणि मळ्याची वाट कच्ची आहे तर पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. गाडी चालवू नका. आंबोली घाट तर सोडाच, निपाणीहून बेळगावला किंवा कोल्हापूरलाही चालवत नेऊ नका. सपाट ट्रकवर चढवून, चारही चाकं जमिनीपासून वर राहतील अशी न्या. दोरी बांधून ओढत नेली तर चाकांबरोबर मोटर फिरते आणि वीज तयार करते, ते वेगळंच दुखणं होतं. घरी उभी आहे तोवर चार्जिंगला लावू नका. गोठ्याला, गवताच्या गंजीला किंवा घराच्या भिंतीला खेटून ठेवू नका; भोवती १५ मीटर मोकळी जागा राहील अशी उघड्यावर ठेवा. बॅटरी पुष्कळ लहान सेल जोडून बनलेली असते; दगडाच्या दणक्यानं आतला एखादा सेल चेपला असेल तर तो त्याच क्षणी बिघडतो असं नाही, काही तासांनी किंवा काही दिवसांनीही तापू शकतो. गोडसर सॉल्व्हंटसारखा वास, फुसफुस आवाज किंवा पांढरा धूर दिसला तर जवळ न जाता माणसं लांब करा आणि ११२ ला फोन करा. तुमच्या गाडीत असं होईलच असं मी म्हणत नाही. तीन वर्षांच्या चांगल्या पॅकमध्ये बहुतेक वेळा होत नाही. पण आत काय झालंय हे बघितल्याशिवाय पोराबाळांना घेऊन घाटात उतरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता मुख्य मुद्दा. गॅरेजवाला आणि सर्व्हिस सेंटर या दोघांपैकी कुणाचंही आत्ता ऐकू नका. एकानं नुसतं डोळ्यानं बघून सांगितलं, दुसऱ्यानं बहुधा फोटो आणि पार्टची यादी बघून सांगितलं. मोजमाप दोघांनीही केलेलं दिसत नाही. मी बेळगावात उद्यमबागेत चॅसी आणि बॉडीचं काम करतो आणि अलीकडं इलेक्ट्रिक गाड्यांचं खालचं काम बरंच येतं. त्यात सारखं दिसतं ते हे, की ‘माउंट गेलं’ या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड असतात, आणि तिघांचा खर्च, धोका आणि इलाज पूर्ण वेगळा असतो.

पहिला बिघाड बोल्ट आणि आट्यांचा. दुसरा बॅटरीच्या ट्रेच्या, म्हणजे सेल ज्यात बसतात त्या खालच्या पेटीच्या, कडेला असलेल्या कानाचा किंवा वेगळ्या ब्रॅकेटचा. तिसरा गाडीच्या अंगाचा, म्हणजे दाराखाली जो बंद चॅनल असतो, ज्याला आपण सिल म्हणतो, त्याचा किंवा आडव्या क्रॉस मेंबरचा. बॅटरीचे बोल्ट ज्या नटात बसतात ते नट याच्या आत वेल्ड केलेले असतात. आणि या तिन्हींच्या पलीकडं, ट्रेचा तळ आत चेपला गेलाय का हा प्रश्न स्वतंत्र आहे. तुमचं नुकसान यातल्या कुठल्या थरापर्यंत गेलंय हे कळेपर्यंत वेल्डिंगही चूक आणि पॅक बदलणंही चूक.

माउंटकडं इतकं बारकाईनं का बघायचं ते सांगतो. आपल्याकडच्या लहान-मध्यम इलेक्ट्रिक गाड्यांत पॅकचं वजन ढोबळमानानं अडीचशे ते चारशे किलो असतं. गाडी धडकली की हा सगळा भार त्या बोल्टांवर येतो. बॅटरीच्या सुरक्षेसाठी आपल्याकडं एआयएस-०३८ हे मानक आहे. त्याच्या धक्क्याच्या चाचणीत प्रवासी कारच्या पॅकला लांबीच्या दिशेनं गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट आणि त्याहून जास्त झटका दिला जातो. तीनशे किलोच्या पॅकला वीसपट म्हणजे सहा टनांचा ओढा. तो सगळ्या बोल्टांमध्ये वाटला जाईल असं धरून गाडी बनवलेली असते. एक बोल्ट ढिला असला की त्याचा वाटा शेजारच्यावर जातो. शिवाय बऱ्याच गाड्यांत पॅक हा बॉडीच्या ताठपणाचाच भाग असतो. बाजूनं धडक बसली तर सिलवरचा भार पॅकच्या कडेतून पलीकडं जातो. म्हणजे हे काम बंपर अडकवण्यासारखं नाही.

बोल्ट पॅकला कसा धरून ठेवतो हेही नीट समजून घेतलं पाहिजे, कारण निम्म्या चुकीच्या दुरुस्त्या तिथंच होतात. पुष्कळांना वाटतं बोल्ट म्हणजे खिळा, भोकात घातला की पॅक अडकला. तसं नसतं. बोल्ट ताणला जातो, तो कान आणि सिल एकमेकांवर घट्ट दाबतो, आणि त्या दाबामुळं जे घर्षण तयार होतं ते पॅकला जागेवर ठेवतं. दाब कमी झाला की कान प्रत्येक खड्ड्याला केसभर सरकतो. सरकता सरकता भोक लांबट होतं, वॉशरखाली चकाकी येते, लोखंड असेल तर तपकिरी भुकटी आणि ॲल्युमिनियम असेल तर काळपट भुकटी दिसते. मग आवाज सुरू होतो. तुमचा आवाज याच जातीचा असू शकतो.

‘असू शकतो’ असं मी मुद्दाम म्हणतोय. हंपवर खालून ‘खट्’ वाजणाऱ्या गाड्यांत स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचा बुश किंवा खालच्या गार्डची सैल क्लिप ही कारणं बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त वेळा निघतात. दगडाच्या दणक्यानं तीही बिघडतात. म्हणून आधी ती तपासायची. दोन्ही चाकं एकदम हंपवर चढवली तर आवाज येत नाही, पण एकच चाक खड्ड्यात गेलं, गाडीला पीळ बसला की येतो, असं असेल तर माझा संशय माउंटकडं वळतो. कंपनीनं बोल्टच्या डोक्यावरून कानावर रंगाची रेघ मारलेली असेल आणि ती तुटलेली किंवा सरकलेली दिसली, तर संशय पक्का झाला.

तपासणी कशी व्हायला हवी ते आता सविस्तर सांगतो. हे तुम्ही घरी करायचं नाही. पण काय व्हायला पाहिजे हे माहीत असलं तर समोरच्यानं ते केलं का हे विचारता येतं.

बोल्टला पाना लावण्याच्या आधी स्कॅनर लावून बॅटरीची माहिती उतरवून घ्यायची. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये फरक किती आहे, तापमानाचे सेन्सर काय दाखवतात, इन्सुलेशनच्या, म्हणजे वीज बॉडीत उतरू न देणाऱ्या आवरणाच्या, बिघाडाचा काही कोड साठलाय का, हे सगळं. नंतर काही बिघडलं तर ते दगडानं की दुरुस्तीनं, याचा पुरावा हीच नोंद. कुलंटनं थंड होणारा पॅक असेल तर टाकीतली पातळी बघून खूण करून ठेवायची. बऱ्याच गाड्यांत थंड करणारी प्लेट सेलच्या खालीच असते, त्यामुळं तळ चेपला तर पहिला मार तिला बसतो.

मग हाय व्होल्टेज बंद करायचं. सर्व्हिस प्लग काढायचा, १२ व्होल्टची बॅटरी सोडायची, कंपनीनं सांगितलेली वेळ थांबायचं, साधारण पाच ते दहा मिनिटं, आणि १००० व्होल्टचे हातमोजे घालून मीटरनं शून्य दाखवून घ्यायचं. हे करूनही पॅकच्या आतली वीज जात नाही, ती तिथंच असते. म्हणून ‘प्लग काढलाय, आता काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडं गाडी ठेवू नका.

यानंतर खालचं गार्ड काढून धुऊन, पुसून मोजायचं. तुमच्या भागातली काळी माती आणि खानापूरकडची तांबडी माती दोन्ही कानाच्या आणि सिलच्या फटीत गच्च बसते, तिच्याखाली भेग असली तरी दिसत नाही. उजव्या बाजूचा तोच कान सरळपट्टी लावून मोजायचा आणि डाव्याशी ताडून बघायचा. तळाला दोर धरून चेपलेल्या जागेची खोली मोजायची. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये किती मिलिमीटरपर्यंत चेप चालते, कुठल्या भागात अजिबात चालत नाही, हे दिलेलं असतं. कडेच्या रिकाम्या कप्प्यावरची तीन मिलिमीटरची चेप आणि सेलच्या बरोबर खाली असलेली तीन मिलिमीटरची चेप, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॉडीच्या बाजूचं अंतर फ्रेम मशीनवर किंवा ट्रॅम गेजनं मोजायचं. डाव्या-उजव्या तिरप्या मापात फरक आला तर प्रश्न माउंटचा राहिलाच नाही, तो बॉडीचा झाला.

आता एकेक थराचा इलाज.

नुसता बोल्ट ढिला झालाय, आटे शाबूत आहेत, कान सरळ आहे, असं निघालं तर तुम्ही नशीबवान. पण तोच बोल्ट पुन्हा आवळून देणं हा इलाज नाही. कितीतरी गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. आवळताना ते मुद्दाम इतके ताणलेले असतात की दुसऱ्यांदा तसाच दाब देऊ शकत नाहीत. कंपनीचाच नवा बोल्ट घ्या. आपल्या उद्यमबागेत आणि मच्छे औद्योगिक वसाहतीत हवा तो बोल्ट लेथवर करून मिळतो, आणि काम सुबक होतं हे मी रोज बघतो. तरी इथं तो चालत नाही. कंपनीच्या बोल्टचे आटे दाबून, रोल करून काढलेले असतात. लेथवर ते कापून निघतात. सारख्या हादऱ्यांखाली कापलेल्या आट्याच्या मुळाशी भेग लवकर पडते. स्टेनलेसचा बोल्ट गंजत नाही म्हणून तो टाकून देणारेही भेटतात. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो, जास्त ताकदीचा १०.९ ग्रेडचा बोल्ट १००० च्या वर जातो. शिवाय स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यात पावसाचं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कंपनीच्या बोल्टवरचं राखाडी कोटिंग त्यासाठीच असतं.

आवळायचा तो टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर, म्हणजे टॉर्क, आला की ‘टक’ करणाऱ्या पान्यानं), मॅन्युअलमधल्या क्रमानं, सगळे बोल्ट आधी हातानं बसवून मग टप्प्याटप्प्यानं. इम्पॅक्ट गननं शेवटचा आवळा द्यायचा नाही. आणि आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, कंपनीनं सांगितलं असेल तरच. कारण पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणायला जातो, उरलेला सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि तोच टॉर्क बोल्टला भलताच जास्त ताणतो. आटे गंजलेले असले तर उलट, पाना ‘टक’ करतो आणि बोल्टला दाब आलेलाच नसतो.

आटे गेले असतील तर ते कुठले, यावर सगळं अवलंबून. नुसते मळलेले किंवा जरा चेपलेले असतील तर आटे साफ करायचा चेसर फिरवायचा. कापणारा टॅप घातला तर चांगला धातूही निघून जातो. ट्रेच्या बाजूचे आटे ॲल्युमिनियममध्ये असतील आणि कंपनी परवानगी देत असेल तर हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) किंवा भरीव इन्सर्ट बसवता येतो, आणि तो नीट बसवला तर मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्याइतका टिकतो. सिलच्या आतला नट सुटून गरागरा फिरायला लागला असेल तर काम मोठं आहे. सिलला ठरलेल्या जागी खिडकी कापून, नव्या नटाची प्लेट बसवून, पुन्हा बंद करावं लागतं, आणि हे पॅक खाली उतरवूनच करायचं. इथं एक शॉर्टकट सर्रास मारला जातो: भोक मोठं करायचं आणि एक नंबर जाड बोल्ट घालायचा. याला मी कायम नकार देतो. ड्रिल पलीकडं घुसलं तर समोर पॅक असतो, धातूचा चुरा बंद चॅनलमध्ये पडून गंज धरतो, आणि पातळ झालेल्या कानाला मूळची ताकद राहत नाही.

आता तुमच्या वाकलेल्या कानाविषयी. गॅरेजवाल्याच्या वेल्डिंगला माझा विरोध याच ठिकाणी आहे, आणि तो त्याच्या हातकौशल्याबद्दल नाही. टाका तो उत्तम मारत असेल. पण पॅक गाडीत असताना त्याच्या कानाला वेल्डिंग करणं म्हणजे सेलपासून काही सेंटिमीटरवर धातू वितळवणं. लिथियमच्या सेलला ६० अंशाच्या वरची उष्णता सोसत नाही. वेल्डिंगचा करंट अर्थिंग शोधत कुठून जाईल याचा भरवसा नाही. वाटेत बीएमएसची, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी असली तर ती जळते. ट्रे ॲल्युमिनियमचा असेल तर आणखी एक गोष्ट आहे. ट्रेच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उष्णता देऊन कडक केलेल्या असतात. आर्गननं कितीही सुंदर टाका मारला तरी टाक्याच्या शेजारचा पट्टा मऊ पडतो. तुटायचं झालं तर तो टाक्यात तुटत नाही, शेजारी तुटतो. ठोकून सरळ करणंही तसंच. एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम परत वाकवलं की आत बारीक भेगा जातात, त्या डाय पेनेट्रंट (भेगेत शिरणारा रंग) मारल्याशिवाय दिसत नाहीत.

मग पॅक बदलायचाच का? तेही लगेच नाही. सर्व्हिस सेंटरला हे विचारा: माझ्या मॉडेलमध्ये हा कान ट्रेचाच भाग आहे, की बोल्टनं बसवलेलं वेगळं ब्रॅकेट आहे? वेगळं ब्रॅकेट असेल तर ते वेगळा पार्ट म्हणून मिळतं आणि काम काही हजारांत संपू शकतं. कान ट्रेचा भाग असेल तर खालचा ट्रे किंवा केस सुटा मिळतो का? काही कंपन्यांच्या बॅटरी दुरुस्ती केंद्रात मॉड्यूल, म्हणजे सेलचे गठ्ठे, नव्या ट्रेमध्ये बसवून देतात. खर्च मोठा, पण पॅकच्या किमतीपेक्षा बराच कमी. सेल थेट ट्रेला चिकटवलेले असतील तर मात्र हा रस्ता बंद होतो, आणि तेव्हा पॅक बदलायचं सांगणारा खरंच सांगतोय. म्हणून ‘पॅक बदला’ हे उत्तर तोंडी घेऊ नका. कुठल्या मापामुळं, मॅन्युअलच्या कुठल्या मर्यादेमुळं, हे जॉबकार्डवर लिहून मागा. हे मागितल्यावर लिफ्टवर गाडी पुन्हा चढते आणि उत्तर बदलतं, असं मी पाहिलंय. पण उत्तर न बदलणाऱ्या गाड्याही पाहिल्यात, आणि त्यांच्या मालकांना मी पॅक बदलायलाच सांगितलंय.

तिसरा थर, सिल किंवा क्रॉस मेंबर वाकलेला. आजकालच्या पुष्कळ गाड्यांत सिलच्या आत गरम असताना दाबून घडवलेलं, १५०० मेगापास्कलच्या आसपास ताकदीचं पोलाद असतं. त्याला गॅसनं तापवून सरळ केलं की ते साध्या पत्र्याच्या पातळीवर येतं. वरून रंग मारला की कुणाला कळतही नाही, फक्त धडक बसली की कळतं. असा तुकडा बदलायचा असतो, तापवायचा नसतो. माझ्या हिशेबानं, एका दगडाच्या दणक्यानं तुमचं नुकसान इथवर गेलं असण्याची शक्यता कमी आहे. पण मोजलं पाहिजे.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेताना तीन आकडे मागून घ्या. पहिला इन्सुलेशनचा. नियमाप्रमाणं डीसी बाजूला प्रत्येक व्होल्टला किमान १०० ओहम आणि एसी बाजू जोडलेली असेल तर ५०० ओहम लागतो. ३२० व्होल्टच्या गाडीला म्हणजे अनुक्रमे ३२ हजार आणि १ लाख ६० हजार ओहम. चांगल्या गाडीत हा आकडा याच्या कितीतरी पट वर, मेगाओहममध्ये असतो. काठावर पास झालेली गाडी पावसाळ्यात नापास होते, म्हणून पास की नापास एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा लिहून घ्या. दुसरा पॅकचं धातूचं आवरण आणि बॉडी यांच्यातला विरोध, तो ०.१ ओहमपेक्षा कमी हवा. साध्या मल्टिमीटरवर तो नीट कळत नाही, मिलिओहम मीटर लागतो. अर्थिंगची पट्टी रंगावरच आवळली, किंवा गंज तसाच ठेवला, की हा आकडा बिघडतो. तिसरी गळती चाचणी. पॅक उतरवला असेल किंवा तळ चेपलेला असेल तर आत थोडी हवा भरून दाब टिकतो का ते बघतात. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती ग्वाही नव्या, अखंड सीलच्या पॅकची असते. दगड बसलेल्या पॅकला ती आपोआप लागू होत नाही.

विम्याचं थोडक्यात. आधी कळवा, मग गाडी उघडा. सर्व्हेअरनं बघण्याआधी कुणी टाका मारला तर क्लेम अडकतो, आणि दणका बसल्यानंतर गाडी चालवत राहिल्यानं वाढलेलं नुकसान बहुतेक पॉलिसी देत नाहीत. बॅटरीची वॉरंटी, जी पुष्कळ कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, ती बाहेरच्या आघाताला लागू पडत नाही. इथं विमाच कामाला येतो. तुमची गाडी केए-२३, म्हणजे कर्नाटकच्या नोंदणीची असेल आणि कोल्हापूरचं सेंटर जवळ पडत असेल तर खुशाल तिकडं न्या. पॉलिसी देशभर चालते, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याशी तिचा संबंध नाही. जिथं पॅक उतरवायचं टेबल लिफ्ट आणि प्रशिक्षित माणूस आहे, ते सेंटर निवडा. राज्य बघू नका.

आता पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते. आपल्या भागात बॅटरीचे माउंट बिघडवणारी कारणं शहरातल्यापेक्षा वेगळी आहेत, म्हणून मॅन्युअलमधल्या सूचना पुरत नाहीत.

सगळ्यात मोठं कारण दगड नव्हे, जॅक आहे. पंक्चर काढणारा पोरगा नेहमीच्या सवयीनं गाडीच्या मधोमध जॅक सरकवतो, आणि इलेक्ट्रिक गाडीत तिथं बॅटरी असते. दोन खांबांच्या लिफ्टचे हातही कधीकधी सिलऐवजी ट्रेच्या कडेला टेकतात. चेपलेले तळ आणि मोडलेले कान मी यातून सगळ्यात जास्त पाहिले आहेत. जॅक लावायच्या चार जागांवर सिलच्या बाहेरून पिवळ्या रंगाचा बाण काढून घ्या. पंक्चरवाल्याजवळ स्वतः उभं राहा आणि ‘दादा, इथंच लाव’ म्हणून बोटानं दाखवा. त्याला वाईट वाटत नाही, उलट पुढच्या गाडीला तो स्वतः विचारतो.

दुसरं कारण मळ्याची वाट. निपाणी, चिकोडी, अथणी पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पावसाळ्यानंतर ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या पाडतात आणि मधला उंचवटा उन्हात दगडासारखा वाळतो. ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्याला काही होत नाही. तुमची गाडी चाकोरीत उतरली की तो उंचवटा पॅकला घासतो. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून चालवा, आणि वाट तशी नसेल तर गाडी बांधावर ठेवून चालत जावा. कंपनीनं छापलेला ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि डिकीत खताची पोती असली की तो काही सेंटिमीटरनं कमी होतो. गळीत हंगामात रस्त्यावर सांडलेला ऊसही सरळ तुडवू नका. कांडं चाकाखालून उडून गार्डमध्ये अडकतं, आणि दोन-चार कांड्यांच्या जुडीवरून तळ घासत गेला तर गार्डच्या क्लिपा तुटतात.

हंपवर तिरकी गाडी काढायची सवय पुष्कळांना आहे. तळ घासत असेल तर ती बरोबर आहे, पण उगीच तिरकी काढली तर बॉडीला पीळ बसतो आणि सगळा ताण माउंटवर येतो. तळ घासत नसेल तर सरळ आणि सावकाश काढा.

लोखंडी गार्डचा विचार तुमच्या मनात येणारच. कंपनीचं गार्ड मिळत असेल तर घ्या. बाहेरून जाड पत्र्याचं करून घ्यायचं असेल तर एकच अट पाळा: ते बॅटरीच्या बोल्टांवर टांगायचं नाही आणि पॅकला भोक पाडायचं नाही. बोल्टखाली चार मिलिमीटरचा पत्रा आला की बोल्टला धरायला आटे कमी मिळतात आणि ठरलेल्या टॉर्कला अर्थ राहत नाही. गार्डमध्ये माती निघून जायला वाटाही ठेवा, नाहीतर खानापूर-जांबोटीच्या पावसात ते चिखलाचं भांडं होतं आणि कडेचे बोल्ट वर्षभर ओलेच राहतात. पावसाळ्याआधी खालून काळं रबर कोटिंग मारून घेण्याची आपल्याकडं पद्धत आहे. बॉडीला खुशाल मारा. पॅकला, त्याच्या बोल्टांना आणि केबलच्या जोडांना मारू देऊ नका. पॅकला दाब बाहेर सोडणारी एक झडप असते, ती बुजली तर सेल तापल्यावर वायूला वाट राहत नाही. शिवाय बोल्टवरची रंगाची रेघ कोटिंगखाली झाकली जाते आणि सैल झालेला बोल्ट ओळखायची सोपी खूणच निघून जाते.

पाण्याचंही सांगतो, कारण तुमच्याकडं वेदगंगा आणि दूधगंगा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बंधाऱ्यावरून पाणी जात असेल तर ‘बॅटरी वॉटरप्रूफ आहे’ या भरवशावर गाडी घालू नका. पाण्याखाली स्लॅबची तुटलेली कड दिसत नाही, आणि तळ आधी आपटला व लगेच बुडाला तर दोन्ही नुकसानं एकदम होतात. पुराचं पाणी लागलेल्या गाडीचं गार्ड काढून बोल्टांच्या खळग्यांतला गाळ साध्या पाण्यानं धुऊन घ्या. प्रेशर वॉशरचा झोत हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या जोडांवर मारू देऊ नका.

दर सर्व्हिसिंगला ‘बॅटरीच्या बोल्टांची रेघ बघा आणि फोटो काढून पाठवा’ असं जॉबकार्डवर लिहून द्या. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या गाडीची दुरुस्ती झाल्यावर हजार किलोमीटरच्या आत एकदा लिफ्टवर चढवून रेघा पुन्हा बघायच्या, स्कॅनरवर सेलमधला फरक आधीच्या नोंदीशी ताडायचा आणि कुलंटची पातळी खुणेशी जुळवायची. आणि गाडी सेंटरला पोचली की मला चार गोष्टी कळवा: मॉडेल आणि वर्ष, वाकलेल्या कानाचा आणि त्याच्यासमोरच्या उजव्या कानाचा पट्टी लावून काढलेला फोटो, तळाच्या चेपीची खोली मिलिमीटरमध्ये, आणि स्कॅनरवरचा सेल व्होल्टेजचा फरक. ही माहिती हातात आली की ब्रॅकेट, ट्रे की पॅक, हे मी तुम्हाला नक्की सांगू शकेन.